घळवाडीची वाकडी चावडी

घळवाडीची चावडी डोंगराच्या पायथ्याशी आहे. लांबट, ठेंगणी आणि विळ्यासारखी वाकलेली. नवा पाहुणा हटकून विचारतो, "गवंड्याचा हात चळला की काय?" मग गावातली एखादी जाणती बाई त्याला आधी पायरीवर बसवते, पाणी देते आणि सगळी हकिगत सांगते.

फार पूर्वी, म्हणे, गावाला एकत्र बसायला कोरडी जागाच नव्हती. पावसाळ्यात बारसं असो की तंटा, लोक गुरांच्या गोठ्यात दाटीवाटीनं बसत. शेवटी शिदोजी पाटलांनी चावडी मनावर घेतली आणि काम येसू गवंड्याला दिलं. घळ आणि ओढा यांच्या मधला उतार तेवढा मोकळा होता. श्रावणाच्या तोंडावर आठ दिवस उघडीप पडली, तशी येसूनं दोरी ताणून पायासाठी चुन्याची फक्की मारली. रेघ सरळ आली, पण मधोमध नागोबाचं वारूळ येत होतं.

येसूची बायको सगुणा. तिची तीन बाळं महिन्याच्या आत गेलेली. म्हणून तिनं पाच पंचम्यांचं व्रत धरलं होतं. दर नागपंचमीला निर्जळी राहून त्याच वारुळाला दूध-लाह्या वाहायच्या आणि पाचव्या वर्षी पदर पसरून एकच मागणं मागायचं. चार वर्षं निभावली. उद्या पाचवी पंचमी होती, आणि परवा तिच्याच नवऱ्याची पहार त्या वारुळावर पडणार होती. पंचमीला कुणी माती उकरत नाही, म्हणून तेवढी एका दिवसाची सवड.

"रेघ जरा वळवता नाही का येणार?" तिनं विचारलं.

"चावडी आहे ती, काकडी नव्हे, वाकडी चालायला," येसू म्हणाला. "पाटलांना काय सांगू?"

पंचमीला सगुणेनं वारूळ पुजलं, पदर पसरला. चार वर्षं ओठांवर घोळवलेलं मागणं तिनं मनातच राहू दिलं. म्हणाली, "देवा, माझ्या धन्याच्या हातून तुझं घर मोडू नये. तुझंही राहू दे, गावाचंही होऊ दे."

शेजारची गिरजा तिच्या दंडाला धरून म्हणाली, "अगं बाई, लेकरू मागायचं सोडून चावडी काय मागतेस?"

"मागून झालं गिरजाबाय. आता फिरवता येत नाही."

दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि घळीतून लाल पाणी उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येसू पहार घेऊन गेला, तर सरळ रेघ कुठेच नाही. पाण्यानं वारुळाच्या उंचवट्याला वळसा घातला होता आणि वाहून नेलेली फक्की काठाकाठानं सोडली होती. त्या पांढऱ्या, गोलसर रेघेच्या पोटात वारूळ जसंच्या तसं उभं होतं.

पाटील आले. "गवंड्या, तुझ्या बायकोनं सरकवली रेघ."

"एवढी फक्की आमच्या घरात असती पाटील, तर भिंती नसत्या का पांढऱ्या दिसल्या?"

पाटील हसले नाहीत. आधीची सरळ रेघ होती तिथं त्यांनी पाय टाकला, तो घोट्याच्या वर गाळात गेला. मग ते नव्या रेघेवर चढले. तिथली जमीन पायाखाली घट्ट होती. दोनदा टाच आपटून पाहिली आणि म्हणाले, "पाण्यानं आखून दिलंय. ह्याच्यावरच घाल पाया."

तशी चावडी वळणानं झाली. वारुळाला कुणी हात लावला नाही, आणि घळीचं पाणी बाजूनं ओढ्याला जात राहिलं.

सगुणेला पुढे मूल झालं नाही. तिनं पुन्हा व्रतही धरलं नाही. कुणी हळहळलं तर म्हणायची, "जे मागितलं, ते त्यानं दिलं की." चावडीतलं पहिलं बारसं पाटलांच्या नातवाचं होतं. सगुणा आपली दाराबाहेरच थांबली होती. पाटलांची सून उठली, हाताला धरून तिला आत घेऊन आली आणि पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. असं सांगतात, की त्यानंतर गावातल्या प्रत्येक बाळाला पहिला झोका तिनंच दिला, थेट म्हातारपणापर्यंत.

आजही घळवाडीत बारसं चावडीतच होतं. बाळाला पाळण्यात ठेवलं की बायका दोरी सोडून देतात, हात जोडतात आणि थांबतात. पहिला झोका सगुणेचा. घळीकडून वारा येतो, पाळणा जरासा हलतो, आणि मग आत्या बाळाच्या कानात नाव सांगते.