पानमळ्यातली साक्ष

एका राज्यात माणसं रस्त्यात भेटली की नमस्कार करीत नसत. एक विचारी, "काही पाहिलं नाही ना?" दुसरा म्हणे, "छे, काहीच नाही!" की झाली विचारपूस. प्रत्येकाच्या पागोट्याला आणि प्रत्येकीच्या पदराला कापडाचं झापड शिवलेलं असे. कुठे आरडाओरडा झाला, कुणाच्या घरात कुणी चोरपावलांनी शिरलं, की झापड डोळ्यांवर ओढायचं आणि मुकाट चालू लागायचं. लेकरू पाऊल टाकायला लागण्याआधी आया त्याला झापड ओढायला शिकवीत. करतील काय बिचाऱ्या! त्या राज्याला जुना शापच होता तसा. जो गुन्हा पाहील आणि पाहिलेलं सांगेल, त्याची शिळा होईल. राजवाड्यापासून कड्यापर्यंतच्या वाटेवर अशा माणसांची रांगच उभी होती. कुणाचं बोट उचललेलं, कुणाचं तोंड अर्धवट उघडं. शिळेची बाधा जवळच्यालाही होते, अशी समजूत होती. म्हणून साक्षीदार दिसला की लोक लांब पांगत. साक्ष द्यायची ती एकट्यानेच, असा रिवाज पडला होता.

त्या राज्यात कमळजा नावाची तांबूलकरीण होती. राजा पुष्करसेनाचे विडे तीच लावी. रोज सकाळी राजविहिरीमागच्या पानमळ्यात जाऊन ती पानं खुडी. त्या विहिरीच्या कोनाड्यात जलमणी होता, आणि तो होता म्हणूनच राज्यातल्या सगळ्या विहिरींना पाणी होतं. मण्यावर पहारा द्वारपाल भैरोजीचा. भैरोजीचं आणि कमळजेचं हाडवैर! तो रोज तिच्या टोपलीत भाल्याचं टोक खुपसून झडती घेई, कोवळी कोवळी पानं फाटत, आणि कमळजा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

एके सकाळी काय झालं, भैरोजी झडती घेऊन फाटकाकडे वळला, कमळजा वेलीआड वाकली, आणि विहिरीतून धुराचा लोट वर आला. काठावर येताच त्या धुराचा माणूस झाला. पाहते तो राजमांत्रिक धूम्रकेश! त्याच्या मुठीत जलमणी होता. मणी त्याने जटेत खोचला, भिंतीवर ठेवलेला भैरोजीचा शेला उचलून कोनाड्यात टाकला आणि पुन्हा धूर होऊन निघून गेला. कमळजेचा हात झापडाकडे गेला खरा, पण फार उशिरा. डोळ्यांनी सगळं पाहून घेतलं होतं.

वेलाच्या मांडवावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "पाहिलंस ना?"

"नाही."

"खोटं. मीसुद्धा पाहिलं."

"मग तू सांग जा."

"पाखरांची साक्ष इथे धरत नाहीत, बाई. नाहीतर मी केव्हाच दगड होऊन तुझ्या चुन्याच्या डबीवर बसले असते."

दुपार होता होता विहिरी आटल्या. रहाट फिरत, पण पोहरे रिकामे वर येत. कोनाड्यात शेला सापडला, भैरोजीला बेड्या पडल्या, आणि सूर्य मावळताना त्याचा कडेलोट करावा असा हुकूम सुटला.

कमळजा विडे लावायला बसली, तर एका पानाला दोनदा चुना लागला, दुसऱ्यात कात घालायचा राहिला. 'बरं झालं,' तिने मनाशी म्हटलं, 'आता पानं फाटणार नाहीत.' पण मन कुठलं ऐकायला! तिला फार भीती वाटत होती. हात दगडाचे झाले तर विडे कोण लावील? पोटाला काय घालायचं? आणि हे सगळं कुणासाठी, तर त्या मेल्या भैरोजीसाठी?

इतक्यात शिपाई भैरोजीला घेऊन वाड्यासमोर आले. लोक दोन्ही बाजूंना उभे; कमळजाही टोपली घेऊन त्यांत येऊन उभी राहिली. कोतवालाने विचारलं, "सकाळी मळ्यात कोण होतं? तुझ्या बाजूने साक्ष देईल असं कुणी आहे?"

भैरोजीने गर्दीवरून नजर फिरवली. ती कमळजेवर येऊन थांबली. एक नाव घेतलं असतं तर त्याचा जीव वाचला असता. वाटेवरच्या शिळांकडे त्याने एकवार पाहिलं.

"कोणी नव्हतं," तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

"मेला मरतानासुद्धा हट्टी!" कमळजा पुटपुटली. डोळे पुसून तिने टोपली खाली ठेवली आणि पुढे होऊन म्हणाली, "मी होते."

झालं! गर्दी सरसर मागे हटली.

राज्याचा कायदा असा, की साक्ष तीन चौथऱ्यांवर द्यावी. पहिल्यावर कोतवालापुढे, दुसऱ्यावर प्रधानापुढे, तिसऱ्यावर राजापुढे. मधूनच मागे फिरलं तर जेवढी शिळा झाली तेवढ्यावर सुटका.

पहिल्या चौथऱ्यावर तिने धूम्रकेशाचं नाव घेतलं. कोतवालाने आधीच झापड ओढून घेतलं होतं, पण कानांना झापड नव्हतं. बोलणं संपलं आणि कमळजेचा डावा हात खांद्यापर्यंत दगड झाला.

"फीर मागे," साळुंकी म्हणाली. "एका हातानेही विडा लावता येतो."

"येतो. पण मला गोड लागायचा नाही," कमळजा म्हणाली.

दुसऱ्या चौथऱ्यावर प्रधान हळूच म्हणाला, "बाई, गप्प बस. तुझं घर मी चालवीन." कमळजेने पुन्हा सगळं सांगितलं. उजवा हातही दगड झाला. दोन दगडी हात सांभाळत ती कड्याकडची वाट चढू लागली. लोक लांबून मागे येत राहिले.

तिसरा चौथरा कड्यावर होता. सूर्य टेकला होता. काठावर भैरोजी उभा, आसनावर राजा, आणि राजाशेजारी धूम्रकेश.

"नको, कमळजे!" भैरोजी ओरडला.

"तू गप!" कमळजा म्हणाली. "महाराज, जलमणी धूम्रकेशाने चोरला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मणी त्याच्या जटेत आहे."

तिचे पाय दगड झाले. मग कंबर, मग छाती. धूम्रकेश हसून म्हणाला, "आणखी कुणी पाहिलं?"

लोकांनी झापडं डोळ्यांवर ओढली. दगड गळ्याशी आला.

तेवढ्यात मागून तुळसा परटीण पुढे आली. म्हातारी थेट चौथऱ्यावर चढली, कमळजेच्या दगडी खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मी पाहिलं. कुंपणापलीकडे धुणं वाळत घालत होते. झापड ओढलं, पण आधी दिसलं होतं."

आणि काय नवल! तुळसेची पावलं दगड झाली, तसा कमळजेचा दगड गळ्यावरून कंबरेपर्यंत उतरला. शापाचं ओझं दोघींत वाटलं गेलं. इतक्या पिढ्यांत साक्षीदाराच्या जवळ कुणी उभंच राहिलं नव्हतं. मग कळणार कसं?

"अरे, वाटून घेता येतं!" एक पखालवाला ओरडला आणि झापड उपटून चौथऱ्यावर आला. "मीही पाहिलं! धूर वाड्याकडे जाताना मणी आत चमकत होता!" मग माळी आला, मोटकरी आला, आणि शेवटी कोतवालसुद्धा मान खाली घालून आला. "मी शेला कोनाड्यात पाहिला. तो कोरडा होता. चोर विहिरीत उतरला असता तर भिजला असता. मला कळलं होतं, महाराज, मी बोललो नाही."

जो तो बोले, तसा दगड विरळ होत गेला. शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला चुन्याच्या बोटाएवढी चिमूट उरली, तीही सगळ्यांनी झटकून टाकली. धूम्रकेशाने धूर व्हायचा मंत्र म्हटला, पण त्याची सगळी विद्या लोकांच्या गप्प बसण्यावर पोसलेली. मंत्र पोकळ निघाला. साळुंकीने झेप घेऊन जटेतला मणी उपसला आणि राजाच्या ओंजळीत टाकला. खाली गावात विहिरी भरल्याची आरोळी उठली.

शाप तुटला. वाटेवरच्या शिळा हलल्या. कुणाच्या आज्याने उचललेलं बोट पुढे करून कधीचं अडकलेलं वाक्य पुरं केलं, कुणाची पणजी मोठमोठ्याने बोलू लागली. नातवंडं त्यांच्या गळ्यात पडून रडत होती आणि ऐकत होती. धूम्रकेशाच्या पाठीवर पखाल आली. जन्मभर गावाला पाणी भरायचं, हा राजाचा न्याय. बेड्या सुटताच भैरोजीने कमळजेपुढे हात जोडले. 

राजा म्हणाला, "कमळजे, माझ्याही पागोट्याला झापड आहे, आणि ते मीच ओढून बसलो होतो. माग काय हवं ते."

कमळजेने पाय चोळले. "महाराज, यापुढे जो सांगायला येईल त्याला आधी बसायला आसन द्या, आणि शेजारी आणखी एक मांडा. एकट्याने उभं राहून फार जड होतं हो."

राजा स्वतः आसनावरून उठला आणि म्हणाला, "बस." कमळजा बसली. तिने तुळसेला हात धरून शेजारी बसवून घेतलं. कमळजेला जसं शेजारी कुणी भेटलं, तसं सांगणाऱ्या सगळ्यांना भेटो. आमची कथा एवढीच, ऐकणाऱ्याचं भलं होवो.