गाणं ऐकाल की गाळ उपसाल?

आपलं गाणं रयतेला खरंच आवडतं का, एवढंच राजा वीरधवलाला जाणून घ्यायचं होतं. काम आलं कारकून नारोपंतांच्या गळ्यात. आपल्याइतका हुशार माणूस पंचक्रोशीत नाही, असं पंतांचं मत होतं. फक्त ते त्यांच्या एकट्याचंच होतं.

"आवडतं की नाही?" असं विचारत पंत भालाईत शिपायासह घरोघर फिरले. सगळे म्हणाले, आवडतं! राजाला काही ते पटेना. मग पंतांनी पाच उत्तरं काढली: फार आवडतं, आवडतं, ठीक, आवडत नाही, मुळीच आवडत नाही. अख्खं गाव "ठीक"वर जाऊन बसलं. खुद्द पंतांनीही अंग चोरून तिथेच जागा धरली होती.

राजा भडकला. "परवापर्यंत खरं उत्तर आणा, नाहीतर पागेत लीद उचला."

पंत मान खाली घालून घरी निघाले. वाटेत गिरजा कुंभारीण माठ थापत बसली होती. तिच्यापुढे त्यांनी आपलं रडगाणं गायलं.

गिरजा म्हणाली, "पंत, एका पारड्यानं वजन कळतं व्हय? दुसऱ्या पारड्यात कायतरी टाका की. आन् शिपायाला घरी ठेवा."

तिने सांगितलं तशीच पंतांनी दवंडी पिटवली. उद्या सकाळी मंडपात बसून महाराजांचं गाणं ऐका, नाहीतर तळ्यातला गाळ उपसा. दोन्ही राजसेवाच, दोन्हीला मान सारखा.

सकाळी मंडपात राजा होता आणि तंबोरेवाला होता. राजाने तासभर वाट पाहिली आणि तरातरा तळं गाठलं. गाव पाट्या-फावडी घेऊन चिखलात उतरलं होतं. सगळ्यांत पुढे, गुडघाभर गाळात, नारोपंत! बिचारे निघाले होते मंडपाकडेच, पण पायांनी त्यांचं ऐकलं नाही.

"म्हणजे आमच्या गाण्यापेक्षा हा गाळ बरा?" राजा गरजला. फावडी थांबली. पंतांना डोळ्यांपुढे पागा दिसू लागली.

गिरजा पुढे झाली. "म्हाराज, आठ वर्सं या तळ्याला कुणी हात लावला न्हवता. तुमचं गाणं नुसतं व्हणार म्हटल्याबरोबर गाव फावडी घेऊन धावलं. दुसऱ्या कुठल्या गवयाला जमलं असतं?"

राजा पोट धरून हसला. पंतांची नोकरी वाचली. बक्षीस काय हवं, असं राजाने गिरजेला विचारलं.

"काय नको, म्हाराज," काठावरच्या ढिगाऱ्यांकडे बघत ती म्हणाली, "एवढी माती माझ्या दारात टाकायला सांगा. माठाला लई झ्याक असती!"