केरबाच्या फटफटीचा नवा साज

फटफट्या आपापल्या घरी चालत यायच्या आणि दारातली कुत्री त्यांची चौकशी करायची, तेव्हाची ही गोष्ट.

केरबा सुताराची फटफटी भारी नटवी. मालकाच्या मागे लागून तिने सगळं बदलून घेतलं. रुंद हँडल, लाल सीट, गोंडेवाल्या मुठी, धडाडणारा सायलेन्सर! इंजिनातून ऑइल गळायची खोड तेवढी राहिली. "तिचं उद्या बघू," मेकॅनिक म्हणाला.

फटफटी तोऱ्यात घरी आली, तर दारात खंड्या कुत्रा आडवा.

"कोण गं तू?"

"अरे, मीच! रोज माझ्या सीटवर लोळतोस की!"

"ती सीट फाटकी. आणि आमची कण्हत येते, अशी बोंबलत नाही. सरक बाई, ती येईल एवढ्यात."

फटफटी रडकुंडीला आली. तेवढ्यात तिच्या पोटाखालून काळ्या ऑइलचा थेंब टपकन पडला. लाजून ती तो चाकाखाली दडवायला गेली, पण खंड्याने आधीच नाक लावलं. त्याची शेपटी हलायला लागली.

"हात्तिच्या! आधी नाही का सांगायचंस?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजला जायला केरबाने किक मारून मारून घाम गाळला. फटफटी काही केल्या सुरू होईना.