नळीतला वसुलीदार

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. पण वडीलधारी माणसं तिथेही होती. बोलायच्या वेळी ती गप्प बसत आणि गप्प बसायच्या वेळी बोलत. म्हणजे फार काही बदललेलं नाही.

त्या राज्यात, डोंगराच्या पदरावर, घोंगड्या विणणाऱ्यांचं चाळीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. तरणे पुरुष मेंढरं घेऊन आठ महिने खालच्या मुलखात फिरत. मागे उरत त्या बायका आणि म्हातारे. बायका लोकर पिंजत, सूत कातत, माग चालवत, चिंचोक्याची खळ शिजवून घोंगड्यांना लावत. म्हातारे चावडीवर बसत.

गावापासून कोसभर वर एक खिंड होती. तिथे लुटारू दिसले तर गावाला कळावं म्हणून कुण्या जुन्या राजाने खिंडीपासून प्रत्येक घरापर्यंत पोकळ बांबूच्या नळ्या जोडत आणल्या होत्या. वरून फुंकलं की घरात शीळ वाजे. नळीतला बोळा काढून कान लावला, की खिंडीतला माणूस शेजारी बसून बोलल्यासारखा ऐकू येई. दिसत मात्र नसे. लुटारूंसाठी बांधलेली नळी लुटारूही फुंकू शकतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

राजाचा कर साधा होता. दर घरामागे वर्षाला एक घोंगडी. दिवाळीनंतर कारकून पायी यायचा, चावडीवर सगळ्यांसमोर बसायचा, घोंगडी घ्यायचा आणि बाभळीची एक काठी मधोमध उभी चिरायचा. अर्धी काठी घराला, अर्धी राजाला. दोन अर्ध्या एकमेकींना जुळल्या की कर पोचला. न जुळल्या तर मागणारा खोटा. इतकी सोपी गोष्ट होती.

पण गावाची आपली एक रीत होती. गावाच्या बैठकीत प्रत्येक घर आपापल्या घोंगडीवर बसे. ज्याचा कर थकला असेल त्याने उघड्या जमिनीवर बसायचं, तेही चपलांपाशी. एका वर्षी एका म्हातारीला तसं बसवलं होतं. त्यानंतर ती बैठकीला आलीच नाही, आणि पुढच्या वर्षी राहिलीही नाही. ही रीत वडीलधाऱ्यांनीच काढली होती. तिचा त्यांना अभिमान होता.

त्या गावात हौसा नावाची बाई होती. नाव हौसा, पण हौस कधीच विरून गेली होती. नवरा मेंढरांमागे, माग एकटीच्या गळ्यात. वर्षभर राबून तिने सात घोंगड्या विणल्या होत्या. पावसाळ्याआधी त्या बाजारात देऊन चार महिन्यांची ज्वारी आणायची होती. सात घोंगड्या म्हणजे पाऊसभर दोन वेळची भाकरी. यापलीकडे तिच्या घरात दुसरं काही नव्हतं.

एका दुपारी शीळ वाजली.

"हौसाबाई का?" नळीतून आवाज आला. भारदस्त, खाकरून बोलणारा.

"हो. कोण बोलतंय?"

"राजाच्या वसुली खात्यातून बोलतोय. सदर घरावर चार घोंगड्यांची थकबाकी निघाली आहे."

"आमच्यावर? अहो, दिवाळीनंतर दिली की! काठी आहे माझ्याकडं."

"काठ्या रद्द झाल्या. नवा हुकूम आहे. घरात आणखी कोण आहे?"

"कुणी नाही."

"उत्तम. आता नीट ऐका. शिपाई बेड्या घेऊन निघाले आहेत. तुमच्या भल्यासाठी मी त्यांना थांबवून धरतो. ऊन कलायच्या आत खिंडीतल्या काळ्या दगडामागे चार घोंगड्या ठेवा आणि मागे न बघता परत जा. कुणाजवळ बोललात तर चाराच्या आठ होतील. आणि हो, तुमच्या उजव्या हाताच्या घरात कोण राहतं?"

"पारू," हौसा म्हणाली. का सांगितलं, ते तिलाही कळलं नाही. आवाजाने विचारलं, तिने सांगितलं.

तिने बोळा घातला. बेड्यांपेक्षाही चपलांपाशीची ती जागा तिच्या डोळ्यांपुढे येत होती.

कुणाजवळ बोलायचं नव्हतं. तरी ती एका माणसाकडे गेली. चुलत सासरे, आबा. गावातला सगळ्यात वडील माणूस. चावडीवर ज्याच्याशिवाय पान हलत नसे. निदान त्याला तसं वाटे.

आबा ओसरीवर एका फाटक्या पटकुरावर बसला होता. हौसाने पदर डोक्यावर घेतला.

"आबा, तुमची काळी घोंगडी कुठं गेली?"

"धुवायला टाकलीय."

त्या गावात घोंगडी कुणी धूत नसे. उन्हात टाकत, झटकत, पण पाण्यात घालत नसत. दुसऱ्या कुठल्या दिवशी हौसा हसली असती. त्या दिवशी तिच्या कानात नळीतला आवाज घुमत होता, म्हणून ती पुढे बोलली.

"आबा, वसुलीवाला नळीतून बोलला तर ते खरं धरायचं का?"

आबाचा पाठ खाजवणारा हात थांबला.

"किती म्हणाला?"

"चार."

"देऊन टाक."

"पण माझी काठी आहे की, आबा. कारकून तर चावडीवर येऊन—"

"तू मला राजाचा कारभार शिकवणार? हे केस उन्हात पांढरे केले का मी? मोठ्यांचं ऐकावं. देऊन टाक आणि वाच्यता करू नकोस. तुझ्या नवऱ्याच्या अब्रूचा प्रश्न आहे."

हौसाने मान हलवली. मोठ्यांचं ऐकायची सवय अंगात मुरलेली होती. ती घरी आली, चार घोंगड्यांची वळकटी बांधली, डोक्यावर घेतली आणि कोसभर चढ चढली. दगडामागे ठेवल्या. मागे वळून बघितलं नाही. राजा आपला कर दगडामागून का नेईल, हे तिला सुचलं. पण तोवर ती अर्धा उतार उतरून आली होती, आणि पुन्हा चढण्याचं त्राण तिच्यात नव्हतं.

पाच दिवसांनी पुन्हा शीळ वाजली.

"हौसाबाई, चार मिळाल्या. दंड राहिला. तीन."

हौसाने कोपऱ्यात बघितलं. तीनच उरल्या होत्या. त्याला कसं कळलं, असंही तिला वाटलं नाही. ज्याने चार नेल्या त्याला उरलेल्याही हव्यात, यात कळायचं ते काय?

आता ती घाबरली असती. पण घाबरायलाही अंगात थोडं बळ लागतं. तेही त्या चढावर सांडलं होतं. पाय दुखत होते, बोटं खळीने फुटली होती, आणि या माणसाच्या आवाजाचा तिला नुसता कंटाळा आला होता.

"ऐका हो भाऊ," ती म्हणाली.

"साहेब म्हणा."

"बरं, साहेब. मला आता चढवत नाही. तुम्हीच या खाली."

"काय?"

"या की. मी चावडीवर बसते. तुमच्याकडची अर्धी काठी घेऊन या. माझ्या काठीला जुळली, तर तीनच काय, अंगावर आहे तीही देते."

"बाई, शिपाई निघालेत बरं का! बेड्या—"

"त्यांनाही आणा. उन्हाचे येतील, पाणी देईन."

"नळीपासून हलायचं नाही! हललात तर—"

हौसाने बोळा घातला. आवाज मध्येच कापला गेला. इतकंच करायचं होतं, हे बघून तिला स्वतःचाच राग आला.

वळचणीला खोचलेली अर्धी काठी घेऊन ती चावडीवर गेली. म्हातारे बसलेलेच होते. कुणी तंबाखू मळत होता, कुणी तरण्या पोरांना कसं वळण उरलं नाही ते सांगत होता. हौसा कुणाशी न बोलता उघड्या जमिनीवर बसली, चपलांपाशी. काठी मांडीवर घेतली.

"काय गं, तिथं का बसलीस?" एकाने विचारलं.

"माझी थकबाकी निघालीय म्हणे," हौसा म्हणाली. हळू नाही, चांगल्या मोठ्या आवाजात.

मळणाऱ्याची तंबाखू तळहातावरच राहिली.

"घरी जा, हौसा," आबा म्हणाला. तो तिथेही पटकुरावरच बसला होता. "बायकांनी असं चावडीवर—"

"जाते. माझी काठी जुळली की जाते. येतायत म्हणे साहेब."

पारू विहिरीवरून पाणी घेऊन चालली होती. ती थबकली.

"किती मागितल्या तुझ्याकडं?" तिने विचारलं.

"चार दिल्या. आता तीन मागतोय."

पारूने घागर खाली ठेवली आणि ती हौसाशेजारी जमिनीवर येऊन बसली. "माझ्या पाच गेल्या," ती म्हणाली.

"तुझं नाव मीच सांगितलं त्याला."

"मग काय झालं? मी माझ्या पुढच्या घराचं सांगितलं."

मग पारूने पुढच्या घराला हाक मारली. त्या घराने त्याच्या पुढच्या घराला. ऊन उतरेपर्यंत चपलांपाशी बसायला जागा उरली नाही. प्रत्येकीला वाटत होतं, गावात थकबाकी फक्त आपलीच. म्हणून प्रत्येकीने दार लावून, एकटीने, आपलं घर उचलून दिलं होतं. मग म्हाताऱ्यांपैकी एक खाली सरकला. मग दुसरा. चाळीसातली एकतीस घरं उघड्या जमिनीवर बसली.

पटकुरावर एकटा आबा उरला.

हौसाने त्याच्याकडे बघितलं. "आबा," ती म्हणाली, "घोंगडी वाळली का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणी हसलं नाही.

"बारा," आबा म्हणाला. "होळीपासून बारा दिल्या. पहिली शीळ माझ्याच घरी वाजली होती."

"मी विचारायला आले तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"तो तिसऱ्यांदा मागायला लागला तेव्हाच ठाऊक झालं होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"खोटं आहे म्हणालो असतो, तर तू विचारलं असतंस, आबा, तुम्हाला कसं कळलं?"

एवढंच कारण होतं. एका म्हाताऱ्याला मूर्ख दिसायचं नव्हतं, म्हणून त्याने एकतीस घरं दगडामागे नेऊन ठेवली.

त्यावर हौसा ओरडली नाही. ओरडून घोंगड्या परत आल्या असत्या तर ती ओरडली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा आणि पारू खाली राजाच्या ठाण्यावर गेल्या. दिवाळीनंतर येणारा तोच कारकून तिथे होता. त्याने दप्तरातून अर्धी काठी काढली, हौसाच्या काठीला लावली. रेघ न रेघ जुळली.

"तुमची काही थकबाकी नाही," तो म्हणाला. "आणि बायांनो, राजा कर मागतो तो दिवसाढवळ्या, चार माणसांत. नळीतून मागत नाही, घाई करत नाही, कुणाला सांगू नका असं तर कधीच म्हणत नाही."

शिपाई खिंडीत गेले. काळ्या दगडामागे खेचराची लीद होती आणि विडीची थोटकं. माणूस नव्हता.

"हद्द ओलांडून गेला," कारकून म्हणाला. "पहिली शीळ कधी वाजली?"

"होळीला."

कारकुनाने कपाळाला हात लावला. "तेव्हाच आला असता ना! तेव्हा तो या खिंडीत नवा होता. एका दिवसात धरला असता."

घोंगड्या परत आल्या नाहीत. त्या पावसाळ्यात गावाने एक वेळ जेवून दिवस काढले. हौसाच्या तीन घोंगड्यांची जेमतेम दीड महिन्याची ज्वारी आली. ती तिने पाण्यात आंबील करून पुरवली. नवरा परतला तेव्हा त्याने तिला ओळखलं, पण जरा वेळ लागला.

पुढच्या बैठकीत पारूने चपलांपाशीची जागा झाडून घेतली आणि म्हणाली, "आजपासून इथं कुणाला बसवायचं नाही. बसायचं तर सगळ्यांनी." रीत तिथेच मोडली. कुणा वडीलधाऱ्याने तोंड उघडलं नाही. ते एकदाचे योग्य वेळी गप्प बसले.

आणि नवी रीत अशी ठरली: नळीतून कुणी काही मागितलं, की बोळा घालायचा आणि चावडीवर येऊन मोठ्याने सांगायचं. लाज न बाळगता, त्याच दिवशी. गावात नवी सून आली की तिला आबाने स्वतः आपली गोष्ट सांगायची. सगळी, पहिल्या शिळेपासून.

आबा सांगतो. मान खाली घालून, भराभर, संपवून टाकल्यासारखी. "होळीपासून मी नऊ घोंगड्या दिल्या," असं म्हणतो.

"बारा, आबा," सूत कातता कातता हौसा म्हणते.

"बारा," आबा म्हणतो.

तात्पर्य: तोंड लपवून घाई करणारा मागणारा चोर असतो, आणि फसल्यावर अब्रूसाठी गप्प बसणारा शहाणा त्या चोराचा भागीदार असतो.