हातभर उरलेला ताणा

एकदा एक विणकर म्हातारी नदीकाठच्या एका पेठेत राहत असे. (शहाणपण फक्त दाढीतच वाढतं अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी इथेच थांबावं.) तिच्या हाताची कीर्ती समुद्रापलीकडच्या एका मुलखात पोहोचली होती. त्या मुलखात कापूस पिकत होता, बाया सूतही कातत होत्या. पण विणणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणून तिथली एक मुलगी एका व्यापाऱ्याच्या तांड्याबरोबर म्हातारीकडे शिकायला आली. मुदत सहा महिन्यांची. अट एकच: मागावर ताणलेल्या एका ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, शिकायचं, त्यातूनच आपलं वस्त्र विणायचं आणि ते अंगावर घेऊन घरी जायचं. तिकडे बापाने सुताराकडून माग करवून घेतला होता. तो रिकामा माग पडवीत तिची वाट पाहत उभा होता.

पहिला महिना मुलीने रडून काढला. इथली भाकरी जाड, इथलं पाणी जड, इथली माणसं तोंडावर बोलणारी. आठव्या दिवशी तिने पेठेत मुक्कामाला असलेल्या व्यापाऱ्याला गाठलं आणि म्हणाली, "काका, मला परत न्या."

"मी बैल घेऊन आलोय गं, पंख घेऊन नाही," व्यापारी म्हणाला.

मग हळूहळू काय झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. भाकरी गोड लागू लागली. भाषा जिभेवर बसली. पाणवठ्यावरच्या भांडणात ती एकदा जिंकून आली, तेव्हा म्हातारीने तिच्यासाठी शिरा केला आणि म्हणाली, "आता तू इथली झालीस. भांडता येईपर्यंत भाषा आली असं मी मानत नाही."

सहावा महिना लागला आणि मुलीचा हात जड झाला. विणताना प्रत्येक आडव्या धाग्यावर, उभे धागे जिच्या दातांतून ओवलेले असतात त्या फणीचा ठोका बसतो. ठोका हलका, तर कापड भरभर वाढतं आणि विरळ होतं. ठोका भारी, तर कापड दाट होतं आणि वाढता वाढत नाही. मुलगी असे ठोके घालू लागली की दिवसाकाठी चार बोटंसुद्धा कापड पुढे सरकेना; मध्येच घर आठवलं की एखादा ठोका हलका पडे. म्हातारीची नजर अधू होती, पण कान तिखट होते. ती शेजारच्या मागावर बसून ऐकत होती, बोलत मात्र नव्हती.

एके दिवशी सकाळी व्यापारी दारात येऊन उभा राहिला. "उद्या उजाडताच निघायचं. वस्त्र झालं ना?" असं म्हणत त्याने मागावरचं कापड चिमटीत धरलं आणि सवयीने नाक मुरडलं. "आजीबाई, हे एका बाईने विणलंय की दोघींनी? इथे चाळणीसारखं, इथे सतरंजीसारखं. बाजारात कोणी हात लावणार नाही."

"तुला विकायला काढलंय का?" म्हातारी म्हणाली. "हात काढ आधी."

मुलीने आडवा धागा नेणारा धोटा खाली ठेवला. "काका, अजून हातभर ताणा शिल्लक आहे. वस्त्र पुरं नाही झालं. मी पुढच्या खेपेला येईन."

"पुढची खेप वर्षाने! आणि मी बंदरावर उतरलो की तुझा बाप पहिला पुढे येतो, त्याला काय सांगू? तूच ना ती, आठव्या दिवशी माझ्या बैलांना मिठी मारून रडणारी?"

मुलगी तेव्हा खरंच रडू लागली. "मला जायचंय. बाबा रोज स्वप्नात येतात. पण जायचं म्हटलं की हे दार, हा माग, आजीचं ओरडणं… मग वाटतं, राहावं. राहायचं ठरवलं की वाटतं, मी बापाला विसरले. तिथे होते तेव्हा तिथली नव्हते का मी? आणि इथली तरी कुठे आहे? आजी, मी दोन्हीकडे खोटी आहे."

म्हातारी उठली. तिने कापडाच्या पहिल्या टोकावर तळहात ठेवला आणि तो सावकाश पुढे सरकवत नेला. "इथे विरळ. इथे तू पळून जायला निघाली होतीस. इथे बापाच्या आजारपणाचा निरोप आला. इथे शिरा खाल्लास, बघ, कसं एकसारखं आलंय! इथे माझ्याशी तीन दिवस अबोला. आणि हे शेवटचं… एक धागा सैल, एक धागा घट्ट. यात खोटं काही लागत नाही माझ्या हाताला."

एवढं बोलून तिने कोनाड्यातली कात्री घेतली आणि विणलेल्या कापडाच्या पुढ्यातले सगळे उभे धागे कराकरा कापून टाकले.

मुलगी किंचाळली. "आजी! हातभर राहिलं होतं!"

"ते राहणारच." म्हातारीने कापड तिच्या खांद्यावर टाकलं. "ताण्याचा शेवटचा हातभर भाग कोणालाच विणता येत नाही. मध्ये फणी येते, धोट्याला वाट उरत नाही. माझ्या सासूला नाही आला, मला नाही आला. मी ताणा कापायच्या दिवशी तुला मुद्दाम पाण्याला पिटाळत असे. म्हटलं, हे हिने आपल्याच वस्त्रावर शिकावं."

मग तिने तेच धागे फणीच्या मागच्या बाजूला कापले आणि सासूच्या वेळची ती फणी मागावरून उतरवली. फणीच्या दातांतून अजूनही बाराशे धागे ओवलेले होते. दोन्हीकडे त्यांची मोकळी टोकं लोंबत होती.

"ही फणी घेऊन जा. धागे उपसू नकोस. घरी मागावर चढव आणि तुझ्या मुलखाचं सूत या एकेका टोकाला सांध. बोटांना राख लाव, म्हणजे पीळ सुटत नाही. हे धागे इथेच विणून संपले असते, तर तिकडचं सूत तू कशाला सांधलं असतंस? तुला जे दुखतंय ना पोरी, ते हे उरलेलं टोक आहे. ते कापून फेकायचं नसतं, आणि त्यासाठी इथे बसूनही राहायचं नसतं. सांध्यापाशी वीतभर कापड गाठींचं येईल. हाताला टोचेल. तेवढं सोस. पुढे एकसारखं येतं."

मुलगी फणीकडे पाहत राहिली. "पण ही तर तुमच्या सासूची. तुमचा हा माग रिकामा राहील."

"फणी करणारा अजून मेला नाही," म्हातारी म्हणाली आणि व्यापाऱ्याकडे वळली. "आणि तू रे! ही फणी बैलावर लादायची नाही. तिच्या मांडीवर राहील."

व्यापाऱ्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मुलगी ते विरळ-दाट वस्त्र पांघरून निघाली. वेशीपर्यंत ती रडत होती आणि वेशीबाहेर पडताच तिने व्यापाऱ्याला विचारलं, "बंदर किती दिवसांवर आहे?" दोन्ही खरंच होतं.

घरी पोहोचल्यावर चार दिवस ती पडवीतल्या मागापाशी बसून होती. बाप राखेची वाटी धरून शेजारी. गावातलं तपकिरी सूत आणि फणीतले पांढरे धागे, एकाला एक, बाराशे वेळा. बापाने विचारलं, "हे पांढरे धागे कोणाचे?"

"माझे," ती म्हणाली. मग तपकिरी सुतावर बोट ठेवून म्हणाली, "हेही."

आणि पाचव्या दिवशी तिने पहिला ठोका घातला. हलका नाही, भारी नाही.

तुमच्या घरातलं एखादं पोर परदेशात एक सत्र शिकून परत आलं आणि काही दिवस कोपऱ्यात गप्प बसून राहिलं, तर "तिकडेच राहायचं होतंस मग" असं त्याला सुनावू नका. राखेची वाटी धरून शेजारी बसा.