बिटकी मुंगी आणि तीनचाकीचं तेल

एक होती मुंगी. नाव तिचं बिटकी.
म्हादू मिस्त्रीच्या गॅरेजात तिचं घर. घरात इवली इवली अंडी.

मिस्त्रीने बनवली तीनचाकी फटफटी. पुढे एक चाक, मागे दोन. दोन चाकांच्या मध्ये लठ्ठ लोखंडी एक्सल. एक्सलच्या पोटात तेलच तेल! आणि ही फटफटी उभी कुठे? नेमकी बिटकीच्या दारात!

टिप!
तेलाचा थेंब पडला. बिटकीचा साखरेचा दाणा बुडाला.
टिप! टिप!
तेल निघालं घरात. आत अंडी! बिटकी घाबरली. पळाली तुरुतुरु तुरुतुरु.

मिस्त्री एक्सल पुसत होता. पुसून वर पीठ भुरभुरवत होता. पीठ भिजलं, की तिथे गळती!

“मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, तेल थांबवा ना!
माझी अंडी वाचेनात!”
“अगं बये, सीलपाशीच पीठ भिजतंय. किती सीलं बदलू? सील घट्ट बसलं, तर तेल थांबेल. जा!”

टिप! टिप! तेल उंबऱ्यावर आलं.
बिटकी पळाली तुरुतुरु तुरुतुरु. सील म्हणजे रबराची गोल गोल कडी.

“सीलबाई, सीलबाई, घट्ट बसा ना!
काकांना तेल थांबेना,
माझी अंडी वाचेनात!”
“कशी बसू? एक्सल आतून ढकलतो. तो थांबला, तर मी घट्ट बसेन. जा!”

टिप! टिप! तेल ओसरीत आलं.
बिटकी पळाली तुरुतुरु तुरुतुरु.

“एक्सलदादा, एक्सलदादा, ढकलू नका ना!
सीलबाई घट्ट बसेना,
काकांना तेल थांबेना,
माझी अंडी वाचेनात!”
“मी काय करू? धावून धावून तापलो. पोटात वारा कोंडला. डोक्यावरच्या नळीने वारा सोडला, तर मी थांबेन. जा!”

टिप! टिप! तेल माजघरात आलं.
बिटकी चढली तुरुतुरु तुरुतुरु.

“नळीताई, नळीताई, वारा सोडा ना!
एक्सल ढकलायचा थांबेना,
सीलबाई घट्ट बसेना,
काकांना तेल थांबेना,
माझी अंडी वाचेनात!”
“अं... ऊं... तोंडात मातीचं बूच! कुंभारीणमाशीने इथे घर केलं. आतल्या पिल्लाने बूच फोडलं, तर वारा सोडेन. जा!”

टिप! टिप! तेल अंड्यांपाशी आलं!
बिटकीने मातीवर टकटक केलं.

“पिल्लूबाळा, पिल्लूबाळा, बूच फोड ना!
नळी वारा सोडेना,
एक्सल ढकलायचा थांबेना,
सीलबाई घट्ट बसेना,
काकांना तेल थांबेना,
माझी अंडी वाचेनात!”
आतून इवलासा आवाज आला.
“पंख फुटले गं, पण माती कडक! बाहेरून कुणी कुरतडलं, तर मी बूच फोडीन.”

आता कुणाकडे जायचं? इकडे कुणी नाही. तिकडे कुणी नाही. बिटकीला रडूच आलं.
टिप!
रडते कशाला? दात आहेत की! आपला हात जगन्नाथ!

बिटकीने कुरतडलं. कुर्रर्र कुर्रर्र! कुर्रर्र कुर्रर्र!
पिल्लाने बूच फोडलं. भुर्रर्र!
नळीने वारा सोडला. फुस्स्स!
एक्सल ढकलायचा थांबला. हुश्श!
सीलबाई घट्ट बसली. चप्प!
मिस्त्रीने पुसलं. पीठ भुरभुरवलं. वाट पाहिली. पीठ कोरडं!
“अरेच्चा! बिघाड नळीत, आणि मी सीलाला बोल लावतोय!”

बिटकी धावत घरी आली. अंड्यांना हात लावला. कोरडी! सगळी कोरडी!
पण ती दारातच उभी राहिली. श्वास रोखून. आता पडेल थेंब... आता पडेल...
पडलं!
भुरभुर भुरभुर! मिस्त्रीने कोरडं पीठ झटकलं. दारात पिठाचा ढीग!

तेल राहिलं पोटात,
पीठ गेलं घरात,
आणि गोष्ट गेली तुमच्या कानात!