आडनावाचा रकाना

सांगलीकडच्या एका कॉलेजात धारवाडकर सर डेटाबेस शिकवायचे. वर्गाच्या नोंदणीचं कॉम्प्युटरमधलं टेबल त्यांनी स्वतः बनवलं होतं आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. पण त्या टेबलात ऋजुताचं नाव काही चढेना. जात चिकटायला नको म्हणून तिच्या आईवडिलांनी आडनाव लावणंच सोडलं होतं. आईवडिलांची नावं लावून ती नुसती ऋजुता मीना दिगंबर.

भर वर्गात सर कडाडले, "आडनावाशिवाय माणूस ओळखायचा कसा? उद्यापर्यंत कुठलंही आडनाव आण, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही!"

ऋजुता उठली. "सर, प्रायमरी की कशाला म्हणायचं?"

"पहिल्याच तासाला सांगितलंय. ज्याच्यावरून नेमकी एकच नोंद सापडते, त्याला."

"मग जरा 'पाटील' अशी हाक मारून बघता?"

सरांनी हसतच हाक मारली. अकरा जण उभे राहिले.

"बसा रे सगळे," म्हणत ऋजुताही खाली बसली. "आता मला हाक मारा, सर."

"ऋजुता!" सर तडकून म्हणाले.

ती एकटीच उभी राहिली. वर्गात खसखस पिकली.

सर लालबुंद झाले. "ते काही असो! माझं टेबल आडनावाचा रकाना रिकामा घेत नाही!"

"मग चुकलंय ते टेबल, सर," ऋजुता शांतपणे म्हणाली. "दुरुस्ती तिथे करा. माझ्या नावात होणार नाही."